ईस्नायचे बक्स्टन कोणते? नामसाम्याचा एक निर्णय

इंग्लंडांत हर्टफर्डशर परगण्यांत, ली नदीच्या खोऱ्याजवळ, ईस्नाय नांवाची तांबड्या विटांची हवेली आहे. ती १८६० नंतरच्या दशकांत थॉमस फॉवेल बक्स्टन यांनीं बांधविली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तेथें ख्रिस्ती मिशनरी तयार करणारें ऑल नेशन्स विद्यालय भरूं लागलें. हे बांधविते बक्स्टन कोणते, एवढाच येथें विचार कर्तव्य आहे.

या नांवाचे सर्वश्रुत पुरुष म्हणजे पहिले बॅरोनेट. विल्बरफोर्सनंतर गुलामगिरीविरुद्धच्या चळवळीचें धुरीणत्व त्यांजकडे आलें व १८३३ सालीं मुक्तीचा कायदा झाला. गुलामांचा कैवारी आणि मिशनऱ्यांची शाळा हीं एकत्र पाहतांच वास्तूचें श्रेय त्यांस देण्याचा मोह होतो. परंतु ते १८४५ च्या फेब्रुवारींत वारले. हवेलीचे शिल्पकार आल्फ्रेड वॉटरहाउस १८३० च्या जुलैंत जन्मले. म्हणजे तेव्हां ते पंधरा वर्षांचेहि नव्हते. सबब हा पक्ष टिकत नाहीं.

दुसरे, त्यांचे नातू व तिसरे बॅरोनेट. हे १८९५ ते १८९९ पर्यंत दक्षिण ऑस्ट्रेलियाचे गव्हर्नर होते. यांचा काल जुळतो, पण यांचें घर एसेक्समधील वॉर्लीज.

उरले तिसरे: पहिल्यांचे पुत्र व गव्हर्नरांचे चुलते. बॅरोनेटची पदवी एडवर्ड नॉर्थ या बंधूच्या शाखेंत गेल्यामुळें यांच्या नांवामागें 'सर' नाहीं. हीच खूण निर्णायक होय. ईस्नाय बांधविली ती यांनीं. हे लंडनांतील स्पिटलफील्ड्स येथील ट्रुमन, हॅनबरी, बक्स्टन या बिअरच्या कारखान्याचे भागीदार होते.

हा निर्णय केवळ वंशावळीपुरता नाहीं. याच ईस्नायकर बक्स्टनांचे पुत्र बार्कले बक्स्टन १८९० सालीं मिशनरी होऊन जपानांत गेले. अर्थात् विद्यालय येण्यापूर्वींच या घराचा मिशनकार्याशीं संबंध जडला होता. वास्तु पितामहाच्या नांवावर घातल्यास हा दुवा झांकला जातो व कारखान्याचा भागीदारहि दृष्टीआड होतो.

आजाचें नांव नातवास ठेवण्याची चाल आपल्याकडेहि आहे. १७४० सालीं वारलेले बाजीराव व १८१८ सालीं राज्य गमावणारे बाजीराव आजे-नातूच होत. कागदांत नुसतें नांव आल्यास प्रथम सन, नंतर पदवी व शेवटीं वास्तव्य ताडून पाहावें. कीर्तीवरून धनी ठरवूं नये.