हॉग आयलंड : युद्ध संपल्यावर हाती आलेली जहाजं

मागच्या वेळी आपण जर्मन पाणबुड्यांपाशी थांबलो होतो. १९१७ च्या एकट्या एप्रिलमध्ये मित्रराष्ट्रांची आणि तटस्थ देशांची मिळून साडेआठ लाख टनांहून जास्त जहाजं बुडाली. अमेरिका त्याच महिन्यात युद्धात उतरली. सैन्य उभं राहील हो, पण ते आणि त्याचं सामान अटलांटिकपार न्यायचं कशातून?

म्हणून सप्टेंबर १९१७ मध्ये फिलाडेल्फियाजवळ, डेलावेअर नदीकाठच्या हॉग आयलंड नावाच्या दलदलीत गोदी बांधायचा करार झाला. जहाज बांधायचे उतरते चौथरे, म्हणजे स्लिपवे, किती? पन्नास! नेमका तो हिवाळा भयंकर कडक निघाला. जमीन इतकी गोठली की वाफ सोडून ती आधी वितळवायची आणि मग खांब ठोकायचे. खर्च अंदाजाच्या दुपटीपलीकडे गेला, सिनेटमध्ये चौकशी लागली.

आता इथली खरी युक्ती पाहू. जहाज बांधणारा कसबी कारागीर एका वर्षात तयार होत नाही. पण पुलांचे आणि इमारतींचे पोलादी सांगाडे बनवणारे कारखाने देशभर होते. त्यांच्याकडून पत्रे आणि फासळ्या कापून, भोकं पाडून रेल्वेने आणायच्या आणि गोदीत फक्त जुळवून रिव्हेट मारायचे, असं ठरलं. पण पूल बांधणाऱ्याला सरळ पत्रा कळतो, बाकदार पत्रा जमत नाही. मग काय, जहाजाचाच घाट बदलला! एरवी डेक दोन्ही टोकांना उचललेला असतो. इथे तो सपाट केला. जहाजं दिसायला ओबडधोबड झाली. लांबून पाहिलं तर पुढचं टोक कुठलं नि मागचं कुठलं, पटकन कळायचं नाही. खलाशांनी चेष्टा केली, पण आमच्या मते या गोदीतली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट हीच.

पहिल्या जहाजाचा कणा फेब्रुवारी १९१८ मध्ये बसवला. ५ ऑगस्टला ते पाण्यात उतरलं. अध्यक्ष विल्सन हजर होते, आणि नामकरण एडिथ विल्सन यांनी केलं. नाव ‘क्विस्टकॉन्क’, मूळ रहिवासी लेनापे लोक या जागेला म्हणत तेच. पण जहाज पाण्यात उतरणं वेगळं आणि ते प्रवासाला तयार होणं वेगळं. इंजिनं वगैरे बसवून ते ताब्यात मिळालं डिसेंबरात. युद्धविराम झाला होता ११ नोव्हेंबरला.

म्हणजे या गोदीचं एकही जहाज त्या युद्धात उपयोगी पडलं नाही. तरी बांधणी चालूच राहिली. ३० मे १९१९ ला तर तासाभराच्या आत पाच जहाजं पाण्यात सोडली. १९२१ मध्ये गोदी बंद होईपर्यंत एकूण १२२ झाली : ११० मालवाहू आणि १२ सैन्य वाहून नेणारी. पुढे ही जमीन शहराने घेतली. आज तिथे फिलाडेल्फियाचा विमानतळ आहे.

मग पैसा वाया गेला का? १९१८ चा हिशोब धरला तर हो. पण जहाजं मजबूत होती, वीस वर्षं माल वाहत राहिली आणि दुसरं महायुद्ध आलं तेव्हा हाताशी होती. त्यांतलंच ‘सिटी ऑफ फ्लिंट’ घ्या. सप्टेंबर १९३९ मध्ये पाणबुडीने ‘अथेनिया’ हे प्रवासी जहाज बुडवलं, तेव्हा वाचलेल्यांपैकी दोनशेहून अधिक जणांना याच जहाजाने सुखरूप पोचवलं. पुढच्याच महिन्यात जर्मन युद्धनौकेने ते पकडलं. नॉर्वेने सोडवून परत दिलं. जानेवारी १९४३ मध्ये मात्र पाणबुडीने ते बुडवलंच. त्या युद्धात या १२२ जहाजांपैकी जवळजवळ निम्मी तळाशी गेली.

त्यांची जागा ‘लिबर्टी’ जहाजांनी घेतली. एकाच नमुन्याची, सुटे भाग आधी बनवून जुळवलेली. फरक एवढाच की आता रिव्हेटऐवजी वेल्डिंग. वेल्डिंगने वेळ तर वाचवला, पण थंड पाण्यात जहाजं तडकू लागली. ते का, याकडे पुढच्या व्याख्यानात वळू.