पोलिसांवरील कामाचा ताण

पोलिसांवरील कामाचा ताण : कामाचे तास, कामाचे स्वरूप आणि खात्यातील शिस्त यांमुळे पोलिसांना येणारा मानसिक व भावनिक थकवा. ताण म्हटला की गुंड आणि गोळीबार डोळ्यांपुढे येतात. ठाण्यातला शिपाई मात्र आधी सुट्टीचे बोलतो.

त्याला कारणही आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम २८ नुसार रजेवर वा निलंबित नसलेला पोलीस सदैव कर्तव्यावर मानला जातो. ‘कॉमन कॉज’ आणि ‘सीएसडीएस’ या संस्थांच्या २०१९ च्या देशव्यापी अहवालात पोलिसांचा कामाचा दिवस सरासरी १४ तासांचा आढळला. निम्म्यांना साप्ताहिक सुट्टीही मिळत नव्हती. गणेशोत्सवात रजा बंद होतात. अनंत चतुर्दशीला चौपाटीवर उभा केलेला मुंबईचा शिपाई दुसऱ्या दिवशी शेवटची मूर्ती पाण्यात गेल्यावरच सुटतो. घरचा गणपती त्याच्यावाचून उठलेला असतो. बंदोबस्तावरच्या महिला शिपायाची पाण्याची बाटली भरलेलीच राहते, कारण जवळपास स्वच्छतागृह नसते.

भावनिक ताण याहून अबोल असतो. अकस्मात मृत्यूची नोंद झाली की प्रेताचा पंचनामा करायचा, नातेवाइकांना निरोप द्यायचा, त्यांचा आक्रोश कोऱ्या चेहऱ्याने ऐकायचा आणि ठाण्यात परतून पाकीट हरवल्याची तक्रार लिहून घ्यायची. मधल्या वेळेत रडायला जागा नसते. कित्येकदा सोबत पिस्तूलही असते, हे विसरून चालत नाही.

गाऱ्हाणे मांडायचे ते वरिष्ठांच्या ‘ऑर्डर्ली रूम’मध्ये, कसुरीची शिक्षाही तिथेच सुनावली जाते. १९६६ च्या केंद्रीय कायद्याने संघटना करण्यावर कडक निर्बंध आहेत. ऑगस्ट १९८२ मध्ये मुंबईत पोलिसांच्या असंतोषाचा उद्रेक झाला, दंगल उसळली आणि लष्कर बोलवावे लागले.

मे २०१६ मध्ये मुंबईच्या देवनार ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला. प्रस्ताव तिथल्याच एका शिपायाचा होता. तत्कालीन आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी तो उचलून धरला आणि पुढे इतर ठाण्यांत नेला. दोन पाळ्यांच्या तीन करायच्या तर माणसे जास्त लागतात, आणि घोडे तिथेच अडते. जानेवारी २०२२ मध्ये राज्यातील महिला पोलिसांसाठी आठ तासांचा आदेश निघाला. सणासुदीला आणि आणीबाणीत तास वाढवण्याची मुभा त्यातही होती.