‘ब्रँडीची बाटली’ : एक विस्मृत बोलपट आणि त्याचे संग्राहक

मास्टर विनायक यांच्या ‘ब्रह्मचारी’ (१९३८) ह्या बोलपटाचा परिचय मराठी वाचकास करून द्यावा लागत नाही. त्याच्या पाठोपाठ हंस पिक्चर्सने १९३९ साली काढलेला ‘ब्रँडीची बाटली’ मात्र पुष्कळांस नावापुरताच ठाऊक असतो. लेखन आचार्य अत्रे यांचे. नगरपालिकेतील बगाराम हा भाबडा कारकून (दामुअण्णा मालवणकर) आपल्या मनात भरलेल्या तरुणीच्या आजारी भावासाठी औषध म्हणून ब्रँडी शोधीत हिंडतो. आणि दारू म्हणजे काय, ती कोठे मिळते, ह्याचा त्यास गंधही नसतो. अत्रे त्याच सुमारास पुणे नगरपालिकेचे सभासद होते, तेव्हा कचेरीचे चित्र केवळ कल्पनेतून उतरले नसावे.

अशा बोलपटांच्या संग्राहकांचा जीव चित्रफितीपेक्षा कागदावर अधिक असतो. जुनी नायट्रेटची फीत ज्वालाग्राही, काळाबरोबर कुजणारी. ती घरी ठेवणे कठीण. चित्रपटगृहात विकली जाणारी गाण्यांची पुस्तिका मात्र ट्रंकेत टिकते. तीत पात्रांची यादी, पदे आणि कथासार असे; ते सारही बहुधा ऐन उत्कंठेच्या जागी तोडलेले! शेवट पाहावयाचा तर तिकीट काढा. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली निघाले. तोवरचे बरेच जतन अशा हौशी मंडळींच्या हातून झाले. पुस्तिका दुर्मिळ, म्हणून ती मौल्यवान, हा त्यांचा हिशेब. प्रस्तुत लेखकास तो अपुरा वाटतो.

कारण १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहर व उपनगरे ह्यांत दारूबंदी आली. अंधेरी, घाटकोपर ही गावे तेव्हा शहराच्या हद्दीबाहेर होती, तरी बंदीतून सुटली नाहीत. बाळंतिणीस अथवा सर्दीपडशावर चमचाभर ब्रँडी देणाऱ्या सोवळ्या घरांपुढे तीच अडचण उभी राहिली, जी पडद्यावर बगारामपुढे होती. शीर्षकातच ती आहे : ‘ब्रँडी’ने दवाखान्याचा मान राखला, ‘बाटली’ने गुत्त्याची बदनामी पत्करली. ‘तो बाटलीच्या नादी लागला’ म्हटल्यावर बाटलीत काय होते हे मराठी माणूस विचारीत नाही. औषध कोठे संपते आणि दारू कोठे सुरू होते, हा वाद पुढे न्यायालयात गेला. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यातील मद्यार्कयुक्त औषधांवरील निर्बंध सर्वोच्च न्यायालयाने १९५१ साली बालसरा खटल्यात रद्द ठरविले. बगारामला वकील मिळावयास बारा वर्षे लागली.