ऐच्छिक डिपेन्डन्सी

ऐच्छिक डिपेन्डन्सी : जिच्यावाचून प्रोग्राम चालतो, पण जी असली तर त्याला जास्तीचे काही करता येते, अशी लायब्ररी किंवा दुसरा प्रोग्राम. मुक्तस्रोत सॉफ्टवेअर लिहिणारा एक असतो आणि डेबियन, फेडोरा, जेंटू यांसारख्या लिनक्स डिस्ट्रोंसाठी त्याचे पॅकेज बांधणारा, म्हणजे पॅकेजर, बहुधा दुसरा. लिहिणारा ‘हवे तर घ्या’ म्हणून मोकळा होतो. घ्यायचे की नाही, हे अनोळखी लोकांच्या यंत्रांसाठी पॅकेजरला ठरवावे लागते.

ऐच्छिक म्हणजे बिनमहत्त्वाची नव्हे. हिंगणघाटच्या (जि. वर्धा) जमिनीवरून हे नीट कळते. १८०२ मध्ये मद्रासजवळ आधाररेषा मोजून भारताचे त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू करणारे विल्यम लॅम्ब्टन हैदराबादहून नागपूरकडे जाताना जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाटला वारले. त्यांची कबर तिथेच आहे. काम जॉर्ज एव्हरेस्ट यांच्याकडे आले. पृथ्वीच्या आकाराची त्यांनी काढलेली १८३० ची मापे सर्वेक्षण विभागाच्या जुन्या नकाशांना आधार झाली. आजचे जीपीएस मात्र डब्ल्यूजीएस ८४ ही वेगळी मापे धरते. जुन्या नकाशावर जीपीएसचा बिंदू तसाच ठेवला, तर या भागात तो शंभर मीटरांहून जास्त सरकतो आणि आपली विहीर दुसऱ्याच्या वावरात दिसू लागते.

ही मापे एकमेकांत बदलून देणारी मुक्त लायब्ररी म्हणजे प्रोज. एव्हरेस्टची १८३० ची मापे तिच्यात आजही आहेत. नकाशांच्या फायली वाचणारी जीडीएएल ही लायब्ररी प्रोजचा उपयोग करते. पण २०१९ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीच्या आधी हा संबंध ऐच्छिक होता. बांधताना वेगळे सांगितले नसेल, तर जीडीएएल चालू असताना प्रोजची फाइल शोधायची. ती नसली तरी नकाशा उघडायचा, रंग आणि रेषा जागच्या जागी दिसायच्या. एका मापातून दुसऱ्यात न्यायला सांगितले की मगच प्रोज लोड करता येत नसल्याची त्रुटी यायची. ३.० पासून प्रोज सक्तीची झाली. हा निर्णय आधीच व्हायला हवा होता.

पॅकेजरच्या दृष्टीने यातली मेख अशी : कोणत्या पॅकेजला काय लागते, हे शोधणारी साधने बांधलेल्या फायलीत नोंदलेल्या लायब्ररींची यादी वाचतात. चालू असताना उघडली जाणारी लायब्ररी त्या यादीत नसते. ती पॅकेजरने हाताने लिहावी लागते, आणि विसरली तर बांधणी बिनतक्रार पार पडते.

याच्या उलट प्रकार जेंटूवाल्यांच्या बोलीत ‘ऑटोमॅजिक’ म्हणून ओळखला जातो. बांधणीची स्क्रिप्ट यंत्रावर एखादी लायब्ररी सापडते का पाहते आणि सापडली की कुणाला न विचारता जोडून टाकते. मग एकाच सोर्समधून दोन यंत्रांवर दोन वेगळी पॅकेजे निघतात. यावर दोन उपाय आहेत. फक्त जाहीर केलेल्या गोष्टी असलेल्या कोऱ्या वातावरणात बांधायचे. फेडोरात त्यासाठी मॉक आहे, डेबियनमध्ये एसबिल्ड. आणि प्रत्येक ऐच्छिक भागाला चालू-बंदची स्पष्ट खूण द्यायची. मूळ लेखकानेही लायब्ररी सापडली नाही तर गप्प न बसता थांबून विचारावे, हे उत्तम. जेंटूत ही चालू-बंदची निवड ‘यूज फ्लॅग’च्या रूपाने थेट वापरणाऱ्याकडे जाते, कारण तिथे पॅकेज सहसा त्याच्याच यंत्रावर बांधले जाते.

तयार पॅकेजे देणाऱ्या डिस्ट्रोंना वेगळी सोय लागते. डेबियनमध्ये ‘डिपेन्ड्स’ म्हणजे हवेच, ‘रेकमेन्ड्स’ म्हणजे अपवाद सोडता हवे, ‘सजेस्ट्स’ म्हणजे असले तर बरे. २००९ च्या लेनी आवृत्तीपासून एपीटी हे पॅकेज बसवणारे साधन रेकमेन्ड्सही आपोआप बसवते. नको असेल त्याला तसे सांगता येते आणि अनेक सर्व्हरवाले नेमके तेच करतात. आर्च लिनक्स ऐच्छिक पॅकेजांची यादी नुसती दाखवते. पायथनमध्ये त्यांना ‘एक्स्ट्रा’ म्हणतात, रस्टमध्ये ‘फीचर’. परवान्याचाही प्रश्न असतो : जीडीएएलला ईसीडब्ल्यू या स्वरूपातली चित्रे वाचता येतात, पण त्यासाठी लागणारी लायब्ररी मुक्त नसल्याने डेबियनच्या पॅकेजात ती सोय नसते.

फेडोराच्या आरपीएम या पॅकेज-पद्धतीत अशा सौम्य डिपेन्डन्सी २०१४ च्या ४.१२ आवृत्तीत आल्या. त्यांचा मराठीला सरळ फायदा झाला. जून २०१६ मधल्या फेडोरा २४ पासून ‘लँगपॅक्स-एमआर’ हे पॅकेज बसवले की मराठीच्या बाकीच्या गोष्टी मागोमाग येतात. गंमत ही की हा नियम लिबरऑफिसच्या मुख्य पॅकेजात लिहिलेला नाही. त्याला मराठीची खबरही नसते. लिबरऑफिसच्या मराठी भाषांतराचे पॅकेजच म्हणते की यंत्रावर लिबरऑफिस आणि लँगपॅक्स-एमआर दोन्ही असतील तर मलाही घ्या. या उलट्या दिशेच्या नात्याला ‘सप्लिमेंट्स’ म्हणतात. शब्दलेखन तपासणाऱ्या हनस्पेलचा मराठी शब्दसंग्रहही असाच येतो. त्याआधी हे काम पॅकेज बसवणाऱ्या साधनाच्या वेगळ्या प्लगिनवर सोपवलेले होते. शंभर भाषांची नावे मुख्य पॅकेजात कोंबण्यापेक्षा ही रचना कितीतरी शहाणपणाची आहे.

जास्तीचे जोडण्याची किंमत मार्च २०२४ मध्ये दिसली. एक्सझेड या आकुंचन साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट घातलेली सापडली. तिचा रोख दूरस्थ लॉगिनच्या ओपनएसएसएचवर होता. ओपनएसएसएचला एक्सझेड लागतच नाही. पण काही डिस्ट्रोंनी सेवा सुरू झाल्याची खबर यंत्रावरच्या सेवा सांभाळणाऱ्या सिस्टिमडीला देता यावी म्हणून त्यात सिस्टिमडीची लायब्ररी जोडली होती, आणि त्या लायब्ररीमागून एक्सझेड आत येत होते. खबर देण्यासाठी सॉकेटवर एक छोटा संदेश टाकणे पुरते. ओपनएसएसएचने पुढे ते स्वतःच्या कोडमध्ये घेतले. सिस्टिमडीने जून २०२४ च्या २५६ व्या आवृत्तीत आकुंचनाच्या लायब्ररी गरज पडेल तेव्हाच उघडायची पद्धत घेतली. शिवाय अशा लायब्ररींची नावे बांधलेल्या फायलीतच एका टिपणात लिहून ठेवायला सुरुवात केली, म्हणजे पॅकेजरच्या साधनांना ती वाचता येतात.