पैनगंगेच्या दोन काठांवरच्या शाळा

उमरखेडहून हदगावला जाणारी सडक मार्लेगावापाशी पैनगंगा ओलांडते. पूल संपायला मोटारीला मिनिटभरही लागत नाही. एके काळी मात्र एवढ्याशा अंतरात राज्य बदले, नाणे बदले, आणि शाळेतले पोर जरा वरच्या वर्गात गेले की त्याच्या वहीतली अक्षरेसुद्धा बदलत. माणसे मात्र दोन्हीकडची एकच. तीच मराठी, तीच कापूस-ज्वारी, आणि सोयरिकी तर नदीला न विचारताच होत आलेल्या.

1853 पर्यंत दोन्ही काठ निजामाचेच होते. त्या वर्षीच्या तहाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या कारभारात गेले. कारण होते कंटिन्जंट फौजेचा थकलेला खर्च. शाळेचा विचार त्या तहात कोणाच्या मनात असण्याचे कारणच नव्हते. पण दोन कारभारांत वाढलेल्या शाळांची तुलना करण्याची संधी इतिहासाने या एका नदीवर आपल्याला आयती दिली आहे. उमरखेड तेव्हा पुसद तालुक्यात आणि पुसद वाशीम जिल्ह्यात मोडे. 1905 साली तो तालुका यवतमाळला जोडला गेला.

आम्हा वऱ्हाडकरांना या तुलनेत एक सोपे उत्तर आवडते : इकडे इंग्रजी अंमल म्हणून शाळा, तिकडे निजामी म्हणून अंधार. 1901 ची शिरगणती हे उत्तर टिकू देत नाही. लिहितावाचता येणारी माणसे निजामी मुलखात शेकडा तीनच्या आसपास होती हे खरे. पण वऱ्हाडातही ती शेकडा पाचांच्या आतच होती. बायकांच्या बाबतीत तर दोन्हीकडे हजारी तीन-चार असा हिशेब निघे. जवळजवळ पन्नास वर्षांच्या नव्या राज्यकारभाराने साधलेले अंतर ते एवढेच! आणि दोष नुसता संस्थानी राज्याचा म्हणावा, तर बडोद्याच्या सयाजीरावांनी 1906 साली सर्व राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1917 साली तोच मार्ग धरला. खालसा मुलखातल्या सरकारला तेव्हा ते जमले नव्हते.

मग काठाकाठांत फरक होता तरी कशात? माझ्या मते तो शाळांच्या संख्येपेक्षा शाळेच्या भाषेत होता. वऱ्हाडात पोर मराठीत चौथी होई आणि पुढे व्हर्नाक्युलर फायनलपर्यंत मराठीतच शिके. मग ते मास्तर होई, पोस्टात चिकटे किंवा निदान सावकाराचा कागद स्वतः वाचून पाही. पलीकडच्या शाळांची नावेच निराळी : खालची तहतानिया, मधली वस्तानिया, वरची फौकानिया. खालच्या वर्गांत मराठीला जागा होती. पण वस्तानियाची पायरी चढायची ती उर्दूतून. उस्मानिया विद्यापीठ 1918 साली निघाले तेही उर्दू माध्यमाचे. देशी भाषेतून थेट पदवीपर्यंत शिक्षण हा प्रयोग साऱ्या हिंदुस्थानात धाडसाचा होता, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. अडचण इतकीच की ती देशी भाषा हदगावच्या कुणब्याच्या घरात कोणी बोलत नव्हते. चार इयत्ता झाल्या की पुन्हा अलिफ-बेपासून आरंभ. तेव्हा पुष्कळांचे शिक्षण तिथेच थांबले तर नवल काय? लोकांनी आपली मराठी शाळा काढावी म्हटले, तर 1924 नंतर खासगी शाळेलाही सरकारी परवानगी आवश्यक झाली. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा त्याआधी, 1921 साली निघाली होती. पुढे स्वामी रामानंद तीर्थ तेथे शिक्षक झाले, आणि शाळा चालवणे हेच तिकडे राजकारण होऊन बसले.

(मौज अशी की मराठी शाळेचा अभिमान मिरवणाऱ्या आमच्या काठावरही पोरांची नावे ज्या बुकात चढतात त्याला ‘दाखल-खारीज’च म्हणतात! फारसीने नदी केव्हाच ओलांडली होती.)

आता आपल्या काठाकडे जरा निरखून पाहावे. उमरखेड गाव मोठे, बाजारपेठेचे. तिथली शाळा आणि नदीच्या वळणातल्या जंगलात वसलेल्या, ‘बंदीभाग’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गावांची शाळा यांत जे अंतर आहे, ते उमरखेड-हदगाव अंतरापेक्षा कधीच कमी नव्हते. पावसाळ्यात नाले भरले की तिथे मास्तरही पोचत नसे. वसंतराव नाईकांचा जन्म 1913 साली पुसदजवळच्या गहुलीचा. पुढे अकरा वर्षांहून अधिक काळ मुख्यमंत्री राहिलेल्या या माणसाला लहानपणी एका शाळेत शिक्षण पुरे करता आले नाही. गाव बदलत, पायपीट करत प्राथमिक इयत्ता संपवाव्या लागल्या आणि पुढच्या शिक्षणासाठी घर सोडावे लागले. नाईकांचे घर तर खातेपिते होते. ज्यांचे नव्हते त्यांची पोरे कोणत्याच बुकात दाखल झाली नाहीत.

आणि भाषा? तांड्यावरच्या मुलाची घरची बोली गोरमाटी, कोलामाच्या मुलाची कोलामी, गोंडाच्या मुलाची गोंडी. मास्तर पहिल्या दिवसापासून मराठीत बोलणार. हदगावच्या पोरापुढे उर्दूची भिंत पाचवीत येई, यांच्यापुढे ती पहिलीतच उभी. निजामाला आपण बोल लावतो, तो अगदी हाच. फक्त इथली भिंत आपल्या भाषेची असल्यामुळे आपल्याला ती दिसत नाही.

सप्टेंबर 1948 मध्ये निजामी राज्य संपले. 1956 च्या 1 नोव्हेंबरला दोन्ही काठ मुंबई राज्यात एकत्र आले. 1853 नंतर एका कारभारात येण्याचा हा त्यांचा पहिलाच प्रसंग. 1962 साली जिल्हा परिषदा स्थापन झाल्या आणि यवतमाळ व नांदेड, दोन्हीकडच्या प्राथमिक शाळांना एकाच तऱ्हेचा मालक मिळाला. आज दोन्ही काठांवर पुस्तके तीच, खिचडी तीच, पटावर पोरे कमी असल्याची तक्रारही तीच. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या 29 व्या कलमात शक्यतोवर मुलाच्या मातृभाषेतून शिकवावे असे लिहिले आहे. 2023 साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा काढण्याचे प्रस्ताव शासनाने मागवले. कमी पटाच्या शाळा सापडतात त्या बहुधा अशाच आडरानात आणि तांड्यावर. तिथल्या सात वर्षांच्या मुलीला आता शाळेची भाषा शिकायची आहे, आणि शाळा लांब गेली तर वाटेतला नालाही ओलांडायचा आहे.