परक्याचे घर आणि स्वतःचा करीना : एका बायोडाट्याच्या निमित्ताने

१/
वाचकहो, नागपूरच्या उत्तरेला, छिंदवाडा मार्गावर आमचे कोराडी आहे. महाराष्ट्र या गावाला औष्णिक वीज केंद्रामुळे ओळखतो आणि विदर्भ महालक्ष्मी जगदंबेमुळे. मागच्या महिन्यात येथील माझ्या एका बालमित्राने आपला बायोडाटा वाचायला दिला. पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या वाटेवर सुट्टीसाठी भाड्याने दिल्या जाणाऱ्या काही बंगल्यांना व्यवस्थापक हवा होता. पहिलीच ओळ होती : ‘मेहनती, प्रामाणिक, मनमिळाऊ.’ यात्रेकरूंच्या एका निवासाची व्यवस्था या माणसाने प्रत्यक्ष पाहिली होती, पण ते काम कागदावर कुठेच दिसत नव्हते. विचारले तर म्हणाला, “मी का लढाई जिंकली का बे, लिहाले?”

२/
त्या दिवसांत मी मराठी दप्तरांतील जुने कागद वाचत होतो. त्याच्या प्रश्नाचे उत्तर त्या कागदांत आहे असे वाटले, म्हणून हा थ्रेड. परक्याचे घर सांभाळणाऱ्या माणसाने आपले काम कसे सांगावे?

३/
आधी हे काम किती जुने आहे ते पाहू. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नगराच्या कारभाराचे प्रकरण आहे. धर्मशाळेच्या प्रमुखाने विशिष्ट प्रकारच्या वाटसरूंची वर्दी देऊन मगच त्यांना उतरवून घ्यावे, घरमालकानेही आल्यागेल्या पाहुण्याची खबर द्यावी, असे नियम तेथे आहेत. आज विदेशी पाहुणा उतरला की व्यवस्थापकाला त्याची माहिती सरकारकडे कळवावी लागते. पाहुण्यांची नोंदवही ही या पेशाची सर्वांत जुनी जबाबदारी म्हणता येईल.

४/
पुढे सोळाव्या शतकात शेरशाह सूरने हमरस्त्यांवर दोन-दोन कोसांवर सराया बांधल्याचे अब्बास खान सरवानी लिहितो. दारात पाण्याचे रांजण, प्रवाशाला गरम-थंड पाणी, खाट, जेवण, घोड्याला दाणा. शिवाय विहीर, पहारेकरी आणि देखरेखीला एक अधिकारी. घोडा काढून मोटार लिहा, दाण्याच्या जागी पार्किंग लिहा; आजच्या व्यवस्थापकाच्या कामांची यादी जवळपास तयार होते.

५/
या वर्णनात सराया बांधणाऱ्या बादशहाचे नाव आहे. रांजण वेळेवर भरून घेणाऱ्याचे नाव नाही. घर सांभाळणाऱ्याचे काम चोख झाले की ते डोळ्यांना दिसतच नाही. नळ गळला तरच व्यवस्थापकाची आठवण होते. म्हणूनच या पेशातील माणसाला आपले काम शब्दांत मांडणे इतरांपेक्षा अवघड जाते.

६/
आता स्वतःचे काम स्वतः मांडणाऱ्यांकडे वळू. १४८२ च्या सुमारास लिओनार्दो दा विंचीने मिलानच्या लुदोविको स्फोर्झाला नोकरीसाठी पत्र लिहिले. त्यात हलके पूल, तोफा, वेढ्याची साधने असे युद्धोपयोगी कौशल्यांचे मुद्दे आधी येतात. चित्रकलेचा उल्लेख अगदी शेवटी आहे. मिलानच्या सत्ताधीशाची गरज कोणती, हे त्याने आधी ओळखले होते. बंगल्याच्या मालकालाही ‘मनमिळाऊ’ माणसापेक्षा एक पाहुणा गेल्यावर दुसरा येईपर्यंत खोली तयार करणारा माणूस हवा असतो.

७/
आपल्याकडे यासाठी एक अस्सल शब्द आहे : करीना. घराण्याने काय केले, वतन कसे मिळाले, कोणत्या प्रसंगी काय सोसले, याची हकिगत म्हणजे करीना. भोरजवळच्या कारी गावचा जेधे करीना प्रसिद्ध आहे. १६५९ मध्ये अफझलखान चालून आला. खानाला सामील होण्याचे आदिलशाही फर्मान कान्होजी जेध्यांना आले. कान्होजी मुलांना घेऊन शिवाजी महाराजांकडे गेले आणि त्यांनी वतनावर पाणी सोडले. करीन्यात हा प्रसंग आहे. ‘आम्ही एकनिष्ठ होतो’ एवढेच लिहिले असते तर आज कोणाला आठवले असते? निष्ठा प्रसंगातून सिद्ध होते.

८/
याच घराण्याकडे दुसराही एक कागद होता : जेधे शकावली. तिच्यात वर्णन नाही; तिथी आणि घटना, इतकेच. ती लोकमान्य टिळकांनी प्रसिद्ध केली. बखरींच्या आधारे महाराजांचे जन्मवर्ष १६२७ मानले जात असे. शकावलीतील त्रोटक नोंदीने फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० ही तिथी पुढे आणली आणि ‘शिवभारता’सारख्या साधनांनी तिला दुजोरा दिला. पल्लेदार बखरींपुढे एक तिथीवार ओळ टिकली. चांगल्या बायोडाट्यातही दोन्ही हवे : प्रसंगांसाठी करीना, तारखांसाठी शकावली.

९/
तिसरा कागद महजराचा. वतनाचा तंटा गोतसभेपुढे आला की साक्षी होत, निवाडा लिहिला जाई आणि हजर असलेले आपापली निशाणी करीत. पाटलाचा नांगर, कुळकर्ण्याची लेखणी. आपल्या शब्दांमागे कोण उभे आहे, हे त्यावरून कळे. आज त्या जागी पूर्वीच्या मालकाचा दूरध्वनी क्रमांक असतो, अर्थात त्याची परवानगी घेऊन दिलेला.

१०/
इंग्रजी अमदानीत डाक बंगले आले. तेथे खोल्या, स्वयंपाक आणि साहेबांची सरबराई खानसामा पाही. खानसामे, बटलर यांच्या हाती साहेब जाताना प्रशस्तिपत्र देत. त्याला इंग्रजीत नाव पडले ‘चिट’. आपल्या ‘चिठ्ठी’चेच ते रूप. १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात नोकराला दिलेले प्रमाणपत्र हाही त्याचा एक अर्थ नोंदवला आहे. चिठ्ठी लिहिणारा साहेब. ती जपून ठेवणाऱ्याला पुष्कळदा इंग्रजी वाचता येत नसे. आपल्याविषयी काय लिहिले आहे हे ठाऊक नसताना माणूस तोच कागद दाखवून पुढची नोकरी मागत असे.

११/
या पार्श्वभूमीवर माझ्या मित्राचा बायोडाटा पाहा. घर सांभाळणारा माणूस येथे आपली हकिगत स्वतः लिहितो आहे. हा हक्क वतनदाराला होता, खानसाम्याला नव्हता. तो हक्क हाती असताना तीन गुळगुळीत विशेषणांवर कागद संपवायचा?

१२/
आम्ही दोघे दोन संध्याकाळ बसलो. मी विचारत गेलो, तो सांगत गेला. खोल्या किती? अठरा. नवरात्रात? सगळ्या भरलेल्या, नऊही दिवस. एक कुटुंब निघाल्यावर दुसरे येईपर्यंत वेळ किती? दोन तास, तेवढ्यात चादरी, झाडलोट, पाणी. अष्टमीच्या रात्री पंप जळाला तेव्हा? पहाटेपर्यंत टँकर आणला, सकाळी वायरमन. हिशेब? रोजचा, वहीत आणि मोबाईलवरही. हे सारे एकेका ओळीत उतरले. बुकिंग, दुरुस्ती, हिशेब, पाहुण्यांची नोंदवही असे चार मथळे झाले. मराठी, हिंदी, कामापुरती इंग्रजी हेही आले. ‘मेहनती’ हा शब्द आपोआप गळून पडला.

१३/
एका जागी मात्र अडलो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, निवास बंद पडला आणि मित्राने दीड वर्ष गावात भाजी विकली. ते झाकण्यासाठी त्याने नोकरीच्या तारखा ताणल्या होत्या. मी त्याला बनावट वतनपत्रांची गोष्ट सांगितली. तंट्यात खोटा कागद उघडा पडला की घराण्याचा खरा कागदही संशयात येई. तो बराच वेळ गप्प राहिला. मग त्याने स्वतःच लिहिले : ‘एप्रिल २०२० ते सप्टेंबर २०२१ : निवास बंद असल्याने स्वतःचा भाजी व्यवसाय.’ खाली आणखी एक ओळ : ‘रोजची खरेदी, उधारी व हिशेब स्वतः सांभाळले.’ अख्ख्या बायोडाट्यात मला हीच ओळ सर्वांत भक्कम वाटते.

१४/
दीड पानाचा तो कागद गेल्या आठवड्यात रवाना झाला. उत्तर यायचे आहे. पाठवण्याआधी त्याने तो आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, “येवढं काम करत होता का रे तू?”

१५/
वाचकहो, तुमच्या घरी आजोबा-पणजोबांना मिळालेली एखादी जुनी चिठ्ठी, शिफारस, नोकरीचा दाखला असेल तर एकदा काढून वाचा. तो कोणी लिहिला आहे ते पाहा आणि त्यांचे कोणते काम त्यात आलेच नाही, हे घरातल्या थोरांना विचारा. जमल्यास तारखेसह लिहून ठेवा. थ्रेड समाप्त.