वेडा आणि खुळा

आमच्या नामपुरात मोसम नदीकडे उतरणाऱ्या आळीत माझ्या लहानपणी एक गडी होता. नाव सांगत नाही. त्याचे पुतणे आजही गावात नांदत आहेत. वय तिशीचे, समज पाच वर्षांच्या पोराची. त्याला पैसे मोजता येत नसत; पण आळीतले कोणते वासरू कोणत्या गाईचे, हे अचूक ठाऊक असे. वसुबारसेला बायका ओवाळायला निघाल्या की गाय धरायला तोच पुढे. आळी त्याला खुळा म्हणे, वेडा मात्र कोणी म्हणत नसे. वेडा म्हणजे ज्याचे चांगले डोके पुढे फिरले तो. खुळा म्हणजे ज्याची समज मुळातच कोवळी राहिली तो. हा भेद शाळेचे तोंडही न पाहिलेल्या माझ्या आजीला पुरता कळत होता.

त्याची आई वारली आणि प्रश्न उभा राहिला. कोणीतरी सल्ला दिला, 'ठाण्याला पोचवा.' आपल्याकडे ठाणे आणि येरवडा ही नुसती गावांची नावे नाहीत. पोरांना भीती घालायला ती घरोघर वापरली गेली आहेत. बापाचेही मन डळमळले. तेव्हा आजी ओट्यावरून म्हणाली, "भाऊ, त्याले काय रोग शे? दवाखानामा कसाले धाडतस?"

तो गेला नाही. पण जे गेले त्यांचे काय झाले, हा विचार माझ्या मनातून गेला नाही. पुढे जुने कायदे वाचण्याचा नाद लागला, तेव्हा आजीच्या प्रश्नाचे मोल कळले.

इंग्रज सरकारने हिंदुस्थानासाठी १९१२ साली वेड्यांविषयीचा कायदा केला. त्यात 'ल्युनॅटिक' शब्दाची व्याख्या आहे : इडियट, किंवा ज्याचे मन ठिकाणावर नाही असा माणूस. म्हणजे आमच्या आळीने वेगळे ठेवलेले दोन शब्द कायद्याने एकाच पोत्यात भरले. गंमत अशी, की खुद्द इंग्लंडात १८५५ साली अर्ल्सवुड येथे मंदबुद्धीच्या लोकांसाठी निराळा आश्रम उघडला होता. तिथेच डॉ. लँग्डन डाउन काम करीत, आणि १८६६ साली त्यांनी वर्णिलेली अवस्था आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. १८८६ साली तर तिकडे अशा लोकांसाठी स्वतंत्र कायदाही झाला. तो भेद आपल्यापर्यंत पोचला नाही.

एका शब्दाने एवढे काय बिघडले, असे वाचक विचारतील. कायद्याची वाट अशी होती : नातलगाने अर्ज करायचा, दोन डॉक्टरांचे दाखले जोडायचे, मॅजिस्ट्रेटने हुकूम द्यायचा. बेवारस भटकणाऱ्याला पोलीसही मॅजिस्ट्रेटपुढे उभे करीत. आत जाण्याची वाट सर्वांना एकच. बाहेर येण्याची मात्र नव्हे. वेड ओसरले की माणूस घरी जाई. पण मंदबुद्धी हा रोगच नव्हे; मग त्यातून 'बरा' कधी होणार? त्याच्यासाठी दार एकच उरे : नातलगाने येऊन सांभाळण्याची हमी देणे. ज्याला घरच्यांनीच पोचवले, त्याला न्यायला कोण येणार?

नागपूर, रत्नागिरी, ठाणे, येरवडा ही आपली चार जुनी सरकारी इस्पितळे. १९२० च्या सुमारास 'असायलम' हे नाव जाऊन 'मेंटल हॉस्पिटल' आले. पाटी बदलली, व्याख्या तीच राहिली. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालानुसार अवघ्या देशात मनोरुग्णांसाठी दहा हजारांच्या वर थोड्याच खाटा होत्या. त्या अपुऱ्या खाटांतही रोगी आणि रोगी नसलेला शेजारी शेजारी.

निराळी वाट दाखवली ती शिक्षकांनी आणि आईबापांनी. डॉ. कामतांनी १९३४ साली बिने यांची बुद्धिमापन चाचणी मराठी व कानडी मुलांसाठी बेतली. मुंबईत मानखुर्दला १९४१ साली अशा मुलांसाठी वसतिगृह निघाले. १९४४ साली जय वकील यांनी आपल्या मुलीच्या निमित्ताने राहत्या घरी शाळा सुरू केली. पुण्यात १९६४ साली 'कामायनी' निघाली. आमच्या नाशकात रजनीताई लिमये यांनी १९७७ साली 'प्रबोधिनी' उभी केली; त्यांचाही मुलगा असाच होता. या मुलांना कुलूप नको, शिकवणी हवी, हे या माणसांनी करून दाखवले.

कायद्याला ते उमगायला वेळ लागला. १९८७ च्या कायद्याने मनोरुग्णाच्या व्याख्येतून मतिमंदत्व वगळले, आणि तो अमलात आला १९९३ साली. आजीचा भेद कागदावर उतरायला १९१२ पासून पाऊणशे वर्षे लागली. मतिमंद माणसालाही मनाचा आजार जडू शकतो, आणि मग त्यालाही औषधोपचार हवाच. पण तो आजाराचा, बुद्धीचा नव्हे. १९९९ च्या कायद्याने आईबापांमागे कायदेशीर पालक नेमण्याची सोय केली. २०१६ च्या कायद्यात 'बौद्धिक अक्षमता' हा शब्द आला.

तरीही २०१९ साली देशातल्या त्रेचाळीस सरकारी मनोरुग्णालयांची पाहणी झाली, तेव्हा दर तिघांत एकाहून अधिक जण वर्षाहून जास्त काळ तिथेच राहिलेले आढळले. कायदा दार उघडतो. न्यायला यावे लागते ते घरच्यांनाच.

गावाचीही उगाच थोरवी गाऊ नये. बाजाराच्या दिवशी पोरे आमच्या गड्याला खडे मारीत. कामाची घाई असली की घरचे त्याला दिवसभर खोलीत कोंडीत. त्याला काही शिकवावे, हे आजीसकट कोणालाच सुचले नाही. आम्ही त्याला ठेवून घेतले, एवढेच.

तो पुतण्याच्या घरी, आपल्या माणसांत गेला. त्या सालच्या वसुबारसेला गाय कोणाला धरू देईना. बायका ताटे घेऊन खोळंबल्या, आणि आजी म्हणाली, "आज तिले बी खुळाच पाहिजे."